गचपण काढू या, बांध राखू या

पौष लागला की बेळगावची हवा कोरडी आणि बोचरी होते. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचे आपले हे गाव, त्यामुळे सकाळी आठपर्यंत अंगावरची शाल सोडवत नाही आणि अकरा वाजता उन्हाकडे पाठ करून बसावेसे वाटते. पाऊस संपून अडीच-तीन महिने झालेले असतात आणि वळवाचा तडाखा अजून लांब असतो. परड्यातली अंगमेहनतीची कामे उरकायची तर वर्षातले हेच सहा-आठ आठवडे खरे. त्यातही सगळ्यांत जड आणि दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे टाकले जाणारे काम म्हणजे घरामागचा उतरता बांध.

आपल्या भागात जमीन सपाट कुठली? खानापूरकडे जावे, चंदगडकडे जावे किंवा घाट उतरून गोव्यात जावे, घरे बांधली गेली ती उतार कापून. त्यामुळे कोणी परडे म्हणो, कोणी परसू म्हणो, नाहीतर कोणी कन्नडमधला हित्तल शब्द वापरो, त्याच्या कडेला पाच-दहा फूट उंचीचा एक बांध असतोच. वर एका घराचे परडे, खाली दुसऱ्याचे. मध्ये तो बांध, म्हटला तर दोघांचा, म्हटला तर कोणाचाच नाही. म्हणूनच तो माजतो. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, एरंड आणि त्या सगळ्यांवरून पांघरूण घातल्यासारखे वेल. पाच-सात वर्षे हात लागला नाही की आत शिरायलाही वाट राहत नाही.

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र याच विषयावर आहे. घरामागे साधारण तीस फूट लांब आणि आठ फूट उंच असा बांध, पूर्ण गचपण. धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, जेसीबी बोलावू, दुपारपर्यंत सगळे साफ.” सासूबाई म्हणतात, “त्यात माझा सोनटक्का आहे, मशीन लावू देणार नाही.” आणि बांधाच्या पायथ्याला, अवघ्या सहा फुटांवर, वाटणीत गेलेल्या घराची मातीची भिंत आहे. तिथे त्यांच्या जाऊबाईंची चूल. “आम्ही वरून साफ करायला जायचे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात माती जायची, असे व्हायला नको. काय करावे?” असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या मनात आलेली शंका अगदी रास्त आहे. सासूबाईंचेही बरोबर आहे आणि भावोजींची घाईही समजण्यासारखी आहे. पण हा बांध आज उभा आहे तो त्या गचपणाच्या आधारावर. दिसायला ओंगळ असले, तरी त्या झुडपांची मुळे आठ फूट माती धरून बसली आहेत. वरचा पाला पावसाचा मारा झेलतो, खालचा पाचोळा पाण्याचा वेग मारतो. म्हणून काम काढून टाकण्याचे नाही, बदली करण्याचे आहे. जुना गडी नव्याला काम समजावून देतो आणि मग जातो, तसे. नवीन झाड माती धरू लागेपर्यंत जुन्याचे मूळ जागेवर राहिले पाहिजे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे सगळे आपोआप सुचत जाते.

यंत्राने काय होते ते पाहू. यंत्राचा दात झुडपाबरोबर वरची वीतभर कसदार माती ओढून काढतो आणि तिच्याखालची माती सैल करून ठेवतो. बांधाचा उतार होता त्यापेक्षा उभा होतो. जानेवारीत हे छान, लालबुंद, स्वच्छ दिसते. मग एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो. आपला वळीव कसा असतो हे सांगायला नको. अर्ध्या तासात पन्हळी ओसंडतात. उघड्या, सैल मातीवर तो कोसळला की ती माती पायथ्याला येऊन बसते. पुढे जून ते सप्टेंबर पाऊस आहेच. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत आणि पुरात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली, त्यांत मातीच्या भिंतींची घरे किती होती ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ओली मातीची भिंत आणि तिच्यावर रेलणारा ओला बांध ही जोडी पावसाळ्यात फार वाईट.

शिवाय यंत्राने तण जाते हाही समज खरा नाही. घाणेरीचा बुंधा मोडला तरी जमिनीलगतच्या गाठीतून ती पुन्हा फुटते. हरळीच्या प्रत्येक तुकड्याला, लव्हाळ्याच्या प्रत्येक गाठीला नवा कोंब येतो. म्हणजे भाडे आपण द्यायचे आणि यंत्राने तणाची लावणी करून जायचे!

तेव्हा हाताने, आणि पट्ट्यापट्ट्यांनी. बांधावर आडव्या, म्हणजे उताराला काटकोनात, तीन-तीन फुटांच्या पट्ट्या मनाने आखा. एक पट्टी साफ करायची, तिच्या शेजारची तशीच ठेवायची. आठ फुटांच्या बांधावर अशा दोन-तीन पट्ट्या होतील. यंदा वरची आणि पायथ्याची घ्या. मधली पुढच्या हिवाळ्यात, नवी लावणी रुजल्यावर. दोन वर्षे लागतील. बांध माजायला सात वर्षे लागली होती, त्या मानाने दोन जास्त नाहीत.

कोयता हातात घेण्याआधी एक दिवस नुसते पाहण्यात घालवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्या. कोणत्या कोपऱ्यात काय लावले होते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. हिवाळ्यात हळद, आंबेहळद, भुईचंपा यांची पाने वाळून गेलेली असतात, कंद मात्र जमिनीत जिवंत असतात. वर काहीच दिसत नाही म्हणून कुदळ घातली की कंद फुटलाच. अशा जागी काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा. गचपणात शतावरी आणि गुळवेल हमखास सापडतात, त्या तण नव्हेत. एखादी कोरांटी तर याच दिवसांत फुललेली असते, ती स्वतःच आपला पत्ता सांगते. राखायच्या प्रत्येक झाडाला चिंधी बांधून झाली की मगच कामाला हात घाला.

आता एकेका तणाचा समाचार घेऊ.

पहिली घाणेरी, कोणी तिला टणटणी म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली, शोभेचे झुडूप म्हणून इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आली आणि बागांची कुंपणे ओलांडून रानात शिरली. पाखरे तिची काळी फळे खातात आणि बी सर्वदूर नेतात. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणेरी काढण्याची एक साधी रीत २००९ मध्ये मांडली. झुडूप जमिनीवर छाटत बसायचे नाही किंवा सगळे मूळही खणायचे नाही. बुंध्याजवळची माती जरा बाजूला करून, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण दोन-तीन बोटे खोल, मुख्य मूळ कुदळीने तोडायचे. घाणेरीला फुटवे येतात ते या तोडीच्या वरच्या भागातून. तो भाग निघाला की खालचे मूळ पुन्हा फुटत नाही. तोडलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, म्हणजे ते जागेवर रुजत नाही. बांधासाठी यापेक्षा सोयीची रीत नाही, कारण तण मरते आणि खालची मुळे कुजेपर्यंत माती धरून राहतात. जांभ्याची तांबडी माती या दिवसांत दगडासारखी होते, म्हणून आदल्या संध्याकाळी बुंध्याशी बादलीभर पाणी ओता. सकाळी कुदळ नीट लागते. घाणेरीचा पाला गुरांना किंवा शेळ्यांना घालू नका, तो त्यांना विषारी असतो.

दुसरी रानमोडी. पान चुरगाळले की उग्र वास येतो. या दिवसांत तिला फिकट जांभळट पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हाताऱ्या सुटाव्यात तसे तिचे बी वाऱ्यावर उडते. म्हणून काम संक्रांतीच्या आगेमागे झाले पाहिजे. आता फुलोऱ्यात कापली तर यंदाचे बी टळले, शिमग्यानंतर कापली तर आपणच ते झटकून पेरल्यासारखे होते. हिचे मूळ उथळ असते. लहान रोप ओल्या मातीत हाताने उपटते, जुन्या बुंध्याला खुरप्याने सोडवावे लागते.

तिसरे गाजरगवत. पुण्याजवळ १९५० च्या दशकात प्रथम नोंद झालेले हे तण आता कुठे नाही असे नाही. एकेका झाडाला हजारो बिया येतात. फुले येण्याआधी मुळासकट उपटणे हा एकच उपाय. हातमोजे घाला, नाकातोंडावर रुमाल बांधा. खाज आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

काढलेला काडीकचरा पेटवू नका. थंडीत शेकोटीचा मोह होतो हे खरे, पण आगीने पाचोळा जातो, माती उघडी पडते आणि राखायच्या झाडांना झळ लागते. घाणेरीच्या जाड काड्या वेगळ्या काढून तीन-चार आठवडे कडक उन्हात वाळवा. दक्षिण कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरात सोलिग लोक याच काड्यांच्या खुर्च्या आणि टोपल्या करतात. आपण निदान वई करू शकतो. वाळलेल्या काड्यांचे हातभर लांबीचे खुंट साफ केलेल्या पट्टीच्या खालच्या कडेला वीत-वीत अंतरावर ठोकायचे आणि त्यांत लांब काड्या आडव्या विणायच्या. वरून येणारी माती या वईपाशी अडते आणि तिथे छोटी पायरी तयार होते. काड्या पुरत्या वाळलेल्याच हव्यात, ओल्या असल्या तर खुंटाचे रोप व्हायचे. बी नसलेला बाकीचा पाला वईच्या मागे पसरून टाका.

एक सूचना जिवाची. गचपणात साप असतात. थंडीत ते सुस्त असतात, सकाळी उन्हाला येऊन पडतात आणि पाचोळ्याच्या रंगाची घोणस तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. ऊन चांगले वर आल्यावर काम सुरू करा, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, पुढची जागा लांब काठीने हलवून घ्या, गडग्याच्या फटीत हात घालू नका आणि पाय नेहमी साफ झालेल्या जागेवर ठेवा. दुर्दैवाने दंश झालाच तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांत वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि सर्पविषावरची लस असलेले रुग्णालय गाठा. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा. एखाद्या झुडपात घरटे दिसले तर तेवढे झुडूप पिले उडेपर्यंत राहू द्या. बाकी कामाचे काही अडत नाही.

साफसफाईनंतर लगेच रोपे आणायला धावू नका. आधी पाणी बघा. बांध ढासळतो तो बहुतेक वेळा पाण्याने. वरच्या घराची पन्हळ कुठे पडते? मोरीचे पाणी कुठे जाते? ते बांधात मुरत असेल तर वर काहीही लावा, उपयोग नाही. बांधाच्या माथ्यापासून दोन-तीन हात आत एक उथळ चर काढून पाणी बाजूच्या गटारीकडे वळवा. चराला किंचित उतार हवा. तो डोळ्याने कळत नाही, गवंड्याकडची पाण्याची नळी मागून आणा. दोन माणसांचे दहा मिनिटांचे काम आहे.

पायथ्याला जुना गडगा असेल तर तोही पाहून घ्या. बिनचुन्याचा, नुसत्या दगडांचा गडगा फटींतून पाणी सोडतो, म्हणून तो दोन-दोन पिढ्या टिकतो. अलीकडे त्यावर सिमेंटचा गिलावा मारून तो ‘पक्का’ करण्याची पद्धत पडली आहे. फटी बुजल्या की मागे पाणी तुंबते आणि त्याच्या रेट्याने भिंत पुढे फुगते. ढासळलेले दगड पुन्हा रचा, सिमेंटचे बांधकाम करायचेच असेल तर पाणी निघून जायला ठिकठिकाणी भोके ठेवायला लावा. गडग्यात उगवलेली वड-पिंपळाची रोपे मात्र बोटाएवढी असतानाच काढा. पुढे ती दगड उचकटतात.

आता लावणी. इथे हिवाळ्याचे आणि पावसाळ्याचे काम वेगळे आहे. कायमची झाडे बांधावर जातील ती जूनमध्ये, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर. हिवाळ्यात त्यांची तयारी करायची आणि उघड्या पट्टीला तात्पुरते पांघरूण घालायचे. त्यासाठी पावटा आणि कुळीथ टोकून द्या. दोन्ही कमी पाण्यावर येतात, जमिनीवर पसरतात आणि मातीचा कसही वाढवतात. आठवड्यातून एकदा पाणी द्यावे लागेल. शेंगा काढल्यावर वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळे मातीत आणि पाला वर राहू द्या. वळवाच्या पहिल्या सरी त्या पाल्यावर पडतील.

कायमच्या लावणीत पहिला मान वाळ्याचा. माठात घालतो तोच वाळा. त्याची मुळे पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटर आणि त्याहूनही खोल. म्हैसूरच्या दक्षिणेला गुंडलुपेट भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याची ओळ लावत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी तिथली रीत पाहिली आणि मग ती जगभर गेली. आपल्याला मात्र ती कर्नाटकातूनच शिकता येते.

जानेवारीत वाळ्याचे आठ-दहा चांगले गड्डे आणा. रोपवाटिकेत लागवडीचा, दक्षिणेकडचा वाळा मागा. त्याला रुजणारे बी येत नाही, म्हणून तो तण होत नाही. गड्डा फोडून तीन-तीन फुटव्यांचे जुडगे करा, पाने वीतभर आणि मुळे चार बोटे ठेवून छाटा आणि पिशव्यांत लावा. उन्हात ठेवून पाणी देत राहिलात तर जूनपर्यंत प्रत्येक पिशवी भरून येते आणि पुन्हा फोडता येते. तीस फूट लांबीच्या एका ओळीला चार ते सहा इंच अंतराने साठ ते नव्वद जुडगे लागतात. अशा दोन ओळी, एक माथ्याशी आणि दुसरी पायथ्यापासून तीन फुटांवर. ओळ अगदी समपातळीत हवी आणि मध्ये खिंडार नको, नाहीतर पाणी नेमके तिथूनच वाट काढते. वाळ्याला भरपूर ऊन लागते. आंब्या-फणसाच्या दाट सावलीत तो तग धरत नाही. आणि एकदा बांधावर लावला की माठासाठी म्हणून तिथला वाळा उपटायचा नाही. सुगंधी मुळ्या हव्या असतील तर चार गड्डे वेगळ्या पिंपात लावा.

दोन ओळींच्या मध्ये घराला उपयोगी अशी झाडे लावा, म्हणजे बांधाकडे रोज कोणी तरी फिरकेल. उन्हाच्या जागी गवती चहा, अडुळसा, निर्गुडी. अडुळसा आणि निर्गुडी फांदीवर येतात, शेजाऱ्यांकडून मागून आणल्या तरी चालतात. माथ्यावर कढीपत्ता आणि जास्वंद. सावलीत अबोली, आंबेहळद, हळद. हळद मात्र बांधाच्या उतारावर नको. ती दरवर्षी खणावी लागते आणि खणले की माती सुटते. ती पायथ्याच्या सपाट जागेत बरी. आणि चराचे पाणी जिथे उतरते त्या ओलसर कोपऱ्यात सोनटक्का. त्याला पाणथळ जागा आवडते, गड्डे जमीन धरून ठेवतात आणि श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी सगळे परडे घमघमते. सासूबाईंचा सोनटक्का मशीनखाली गेला नाही तर त्याचेच गड्डे फोडून दोन्ही घरांना पुरतील. जाऊबाईंच्या चुलीमागची ओली जागा त्याला फार मानवेल.

याच कारणाने माझी एक विनंती. हे काम वरच्या घराने एकट्याने करू नये. पाणी वरून येते आणि माती खाली जाते, तेव्हा खालच्या घराला आधी सांगावे, दोघांनी मिळून पाणी कुठून सोडायचे ते ठरवावे, गडी लावले तर मजुरी वाटून घ्यावी. हद्दीवरचे झाड कोणाचे, शेवग्याच्या शेंगा कोणी काढायच्या, हेही आजच बोलून टाकावे. वाटणीनंतर अबोला धरलेली किती घरे आपल्या पाहण्यात आहेत! बांधाच्या निमित्ताने भोगीच्या दिवशी वरची तीळ लावलेली भाकरी खाली गेली आणि खालची लेकुरवाळी भाजी वर आली, तर त्यात नुकसान कोणाचेच नाही.

पहिला पावसाळा बांधावर लक्ष ठेवण्याचा. जोराचा पाऊस थांबला की छत्री घेऊन एक फेरी मारा. चरात पाचोळा अडकला असेल तर काढा, वाळ्याच्या ओळीत एखादा जुडगा मेला असेल तर पिशवीतला दुसरा लावा. वाटाण्याएवढी घाणेरीची रोपे दिसतील, ती ओल्या मातीत दोन बोटांनी निघतात. बांधाच्या माथ्यावर नवी भेग दिसली किंवा पायथ्याची माती अचानक फुगली, गढूळ पाणी पाझरू लागले, तर मात्र झाडांचा विचार सोडून खालच्या घरातली माणसे आधी दुसरीकडे हलवा. मग जाणकार गवंडी किंवा अभियंता बोलावा.

यंदाची मकर संक्रांत तोंडावर आहे. त्याआधी निदान चिंध्या बांधण्याचे काम उरकून घ्या. पुढच्या वेळी शेवंती आटोपल्यावर तिच्या कुंड्यांचे काय करायचे, याबद्दल बोलू.